रॉस्को थाइनच्या खाणीतलं मीठ

मी, इल्मी कांगसने, रॉस्को थाइनला माफ केलं असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्या माणसाला सरळ माझ्याकडे पाठवा. माझ्या खेचरांना लाथ मारायला नवं कोणीतरी हवंच असतं.

रॉस्कोची खाण आमच्या टिंबर फोर्क गावाच्या वरच्या डोंगरात. मोटारीचा रस्ता खालच्या पुलाशी संपतो, पुढे खेचराशिवाय गत नाही. चांदीची खाण, नाव 'डेल्फीन'. त्या खाणीत माझा नवरा आर्वो आहे. होता नाही, आहे. सात वर्षांपूर्वीच्या जानेवारीत छत खाली आलं आणि तो त्याच्या मागेच राहिला. "बाहेर काढायचं म्हणजे फार धोका आहे," म्हणाले. जिवंत माणसाला आत पाठवताना कुठे गेला होता धोका?

चौकशी झाली. चौकशी कोणी केली? ऑर्विल गिबने. ऑर्विलचं फर्निचरचं दुकान आहे. पलंग तोच विकतो आणि शवपेट्याही तोच, म्हणून गावाने अपमृत्यूच्या चौकशीचं कामही त्याच्याच गळ्यात मारलेलं. माणूस वाईट नाही, पण समोरचा छाती काढून बोलला की हा मान डोलावतो. रॉस्को छाती काढूनच बोलला. म्हणाला, आर्वो पिऊन आला होता, तोंडाला वास येत होता, त्याने सुरुंगाची वात आखूड कापली आणि छत स्वतःच्या अंगावर पाडून घेतलं. ऑर्विलने मान डोलावली. झालं! चौकशी संपली.

माझा आर्वो आमच्या फिन लोकांच्या, म्हणजे फिनलंडहून इथे आलेल्यांच्या, दारूबंदी सभेचा चिटणीस होता हो! लग्नात त्याने शॅम्पेनसुद्धा ओठाला लावली नाही, कॉफीचा कप उंचावला. मी ओरडून ओरडून सांगितलं. कोण ऐकतंय? विधवा आहे बिचारी, म्हणाले, डोकं ठिकाणावर नाही. आणि थट्टा तर अशी बोकाळली की विचारू नका. डग्गनच्या बारमध्ये कोणाचा पाय अडखळला, कोणाच्या हातून ग्लास पडला की चारही बाजूंनी आरोळी उठायची: "सांभाळ, आर्वो!" आणि सगळे हसायचे. मी त्या बारमध्ये कोपऱ्यात बसून कॉफी पीत असले तरी हसायचे. सवयच झाली होती त्यांना. काहींना तर तो आर्वो कोण हेही ठाऊक नव्हतं.

खरं काय झालं ते मला माहीत होतं. खाणीत छत धरायला मालाचेच, म्हणजे चांदीच्या दगडाचेच, खांब न खोदता सोडतात. चांदी दिसत असते त्यात, पण हात लावायचा नाही. घराचे खांब काढून चुलीत घालतं का कोणी? रॉस्कोला मात्र त्या खांबांतली चांदी झोप लागू देत नव्हती. त्याने आर्वोला सांगितलं, पाड खांब. आर्वो म्हणाला, नाही. शनिवारी रात्री जेवताना त्याने मला हे सांगितलं, आणि सोमवारी पहिल्या पाळीला तो आत गेला तो गेलाच. मधल्या रविवारी काय झालं? आम्ही सगळे फिन सभेच्या हॉलमध्ये होतो, खाणीवर कोणी नव्हतं. मला संशय नाही, खात्री होती. पण खात्रीला विचारतो कोण? रॉस्को म्हणायचा, ते खांब माझ्या आजाच्या काळातच काढलेले होते.

अशी सात वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडत खेचरं हाकली.

मग यंदा सरकारची माणसं आली. आमचा हा डोंगर कायमचा रान म्हणून राखायचं वॉशिंग्टनमध्ये चाललंय: रस्ता नाही, खाण नाही, करवत नाही. पण पेटीला कुलूप घालण्याआधी आत काय आहे ते बघून घेतातच ना माणसं? तसं. चांदी, शिसं, तांबं किती. कड्यांच्या पोटात तेल किंवा वायू असेल का. गरम पाण्याच्या झऱ्यांच्या वाफेवर वीज करता येईल का. बाकीची मंडळी हेलिकॉप्टरमधून कड्यांवर उतरत होती. जुन्या खाणी तपासायचं काम एका खाण-इंजिनिअरकडे होतं, लेनर्ड हॅल्व्हर्सन त्याचं नाव. त्याचं सामान आणि दगडांच्या पिशव्या वाहायला खेचरं माझी.

रॉस्को आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. डेन्व्हरची एक मोठी कंपनी त्याच्या खाणीवर डोळा ठेवून होती. सरकारी अहवालात 'डेल्फीनमध्ये माल आहे' असं आलं, की रानाची हद्द खाणीच्या अलीकडे थांबणार, कंपनी खाण घेणार, आणि मग डोंगर वरूनच खरवडणार. म्हणजे माझा आर्वो दगडांबरोबर चक्कीत जाणार, आणि त्याच्या अंगावरून चालत रॉस्को थाइन शहाणा, श्रीमंत, सज्जन म्हणून मिरवणार. ऐकलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी इतकं घट्ट खोगीर आवळलं की सेनेटर माझ्या दंडाला चावला. सेनेटर म्हणजे माझं पुढचं खेचर. खातो पुष्कळ आणि अडवतो सगळ्यांना, म्हणून ते नाव.

पहिल्याच दिवशी ओढ्यावर हॅल्व्हर्सनने सगळ्यांना थांबवलं. गाळाचे नमुने घ्यायचे होते आणि मी परात धरणार होते.

"कांगसबाई, अंगठी काढून ठेवा," तो म्हणाला. त्याने स्वतःची आधीच काढून दोरीत गळ्यात अडकवली होती. "रागावू नका. सोन्याची अंगठी वाळूत घासली जाते. कणभर सोनं परातीत पडलं तरी तपासणीत ओरडून दिसतं, आणि आम्ही सोनं सापडलं म्हणून नाचत बसतो."

"एवढ्याशाने?"

"एवढ्याशाने. एका माणसाने अंगठी काढली नव्हती, तर एका अख्ख्या ओढ्याला सोन्याचा ओढा म्हणून लिहून मोकळे झालो होतो आम्ही."

मी अंगठी काढली. निघता निघेना, साबण लावावा लागला. तीही चामड्याच्या वादीत ओवून गळ्यात घातली. आर्वोची अंगठी त्याच्या बोटात आहे, आत. ही माझी. परात हलवताना ती छातीवर आपटत होती आणि मी विचार करत होते: ओरडून दिसतं म्हणे! मी सात वर्षं ओरडतेय, मी नाही दिसले कोणाला.

डेल्फीनच्या तोंडाशी रॉस्को स्वतः आमची वाट पाहत उभा. नवी हॅट, दाढी केलेली, किल्ल्या हातात खुळखुळत.

"इल्मी! अगं, किती वर्षांनी इथे वर! बरी आहेस ना?"

"तुझ्या डोळ्यांदेखत उभी आहे, रॉस्को. दिसत नसेल तर चष्मा लाव."

तो हसला आणि इंजिनिअरला म्हणाला, "हिचा नवरा माझ्याकडे होता. भला माणूस, पण बाटलीने घात केला." माझ्या तोंडावर बोलला हो, आणि पाठीवर हात ठेवायला पुढे आला. सेनेटरने कान मागे टाकले म्हणून हात तिथेच थांबला.

हॅल्व्हर्सन दिव्याच्या टोपीसकट आत गेला, मीही गेले. पिशव्या कुठे ठेवायच्या ते बघायला, असं सांगून. बोगदा चांगला टणक होता. आत मोठं दालन, दालनाच्या पलीकडे छतापासून जमिनीपर्यंत दगडांचा ढीग. त्या ढिगापलीकडे आर्वो. मला वाटलं होतं मी रडेन. मी नाही रडले, माझे दात आपोआप आवळले गेले. कारण ढिगाच्या अलीकडे एकच खांब शिल्लक होता आणि बाकीच्यांचे फक्त बुंधे.

"हे खांब कोणी काढले?" मी मोठ्याने विचारलं.

"माझ्या आजाने," रॉस्को म्हणाला. "जुनी गोष्ट."

परत येताना मी हॅल्व्हर्सनला एकट्याला गाठलं. तो वाकडं बोलणारा माणूस नव्हता.

"बाई, खांब काढलेत हे तर आंधळ्यालाही दिसेल. त्यानेच छत आलं असणार. पण कोणी काढले आणि कधी, हे दगड सांगत नाही. ते कोणा माणसानेच सांगावं लागेल."

"आणि तो माणूस खोटारडा असेल तर?"

त्याने खांदे उडवले. "मग मला फक्त चांदी मोजता येते."

त्याने त्या उरलेल्या खांबावर आणि मागच्या भिंतीवर लाल रंगाने रेघा मारून ठेवल्या होत्या. तिथून दुसऱ्या दिवशी दगड फोडून नमुने घ्यायचे होते. पण सकाळीच खाणीपाशी आमच्या तळावर हेलिकॉप्टर आलं आणि त्याला गरम झऱ्यांवर घेऊन गेलं. तिथल्या मंडळींचं यंत्र बिघडलं होतं. रॉस्को डेन्व्हरच्या पाहुण्याला आणायला खाली गावात गेला. जाताना मला म्हणाला, "किल्ली खिळ्याला आहे. लक्ष ठेव, इल्मी. तुझ्यावर माझा विश्वास आहे." विश्वास! सात वर्षं मी त्याच्याकडे बघून थुंकले आणि ह्या शहाण्याला वाटत होतं मी विसरले. स्वतः विसरला तो, म्हणून जग विसरलं असं वाटतं असल्या लोकांना.

मी कॉफी केली. आमच्याकडे साखरेचा खडा दातांत धरून त्यातून कॉफी ओढतात, तशी प्यायले. खडा विरघळला तोवर माझं ठरलं होतं.

मला रॉस्को आतून-बाहेरून ठाऊक आहे. त्याला चोर म्हणा, हसेल. बायका ठेवतो म्हणा, मिशीला पीळ देईल. खुनी म्हणा, म्हणेल सिद्ध कर. पण त्याचा माल पातळ आहे एवढं म्हणून बघा! एकदा मेळ्यात कोणीतरी म्हणालं, 'डेल्फीनमध्ये चांदीपेक्षा चिखल जास्त', तर ह्याने त्याचे पुढचे दात पाडले. आणि आमच्या डोंगरात माणसाला सगळ्यात वाईट शिवी एकच: हा खाणीत मीठ घालतो. मीठ घालणं म्हणजे भिकार दगडात बाहेरचं सोनं-चांदी मारून खाण श्रीमंत दाखवणं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली लबाडी आहे ती. बंदुकीच्या काडतुसातले छर्रे काढायचे, सोन्याचा चुरा भरायचा आणि भिंतीवर झाडायचं. जो ते करतो त्याच्याशी नंतर कोणी खेचराचाही सौदा करत नाही.

रॉस्कोने मीठ घातलं नव्हतं. त्याला गरजच नव्हती, तो खांब खरंच चांगला होता. म्हणून तर मला मीठ घालायचं होतं.

मी गळ्यातली वादी सोडली. खुरांची कानस घेतली, खेचराच्या पाठीवरची धाबळी मांडीवर अंथरली आणि अंगठी किसायला बसले. पहिल्यांदा कानस लावली आणि परत उचलली, ते खोटं कशाला सांगू. अंगठीच्या आत आमची दोघांची अक्षरं होती. ती बाजू मी राखली, बाहेरून किसत गेले. "आर्वो," म्हटलं, "तू मला एवढीच एक सोन्याची वस्तू दिलीस. ती तुझ्याच कामी येतेय. कुरकुरायचं नाही." तो तसाही कुरकुरणारा नव्हता. सोनं धाबळीवर पडत होतं, बारीक, वळलेलं, खोबऱ्याच्या किसासारखं. अंगठी तारेएवढी राहिली तेव्हा थांबले.

अस्वलांसाठी मी नेहमी आर्वोची बंदूक बाळगते. एका काडतुसात मी तो कीस भरला, आत गेले आणि लाल रेघेवर, खांबाच्या छाताडावर, बार काढला. दालनभर आवाज घुमला. पलीकडच्या ढिगातून दोन-चार खडे घरंगळले. मी म्हटलं, "ऐकलंस ना? आता बघ."

हॅल्व्हर्सन परत आला, त्याने रेघांवरून दगड फोडले, पिशव्या भरल्या. तो काळजीवाला माणूस. खाली पाठवण्याआधी प्रत्येक नमुन्यातला थोडासा कुटून ओढ्यावर परातीत धुवून बघायचा. खांबाचा नमुना धुतला आणि परात हलवता हलवता थांबला. भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिला. मी बीन्स ढवळत होते, ढवळतच राहिले.

"कांगसबाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता, "इथे या. काय दिसतं?"

"सोनं?"

"सोनं. चांदीच्या खाणीत सोनं! आणि खडकातलं सोनं असं कुरळं नसतं. हा कानशीचा कीस आहे. तांब्याची लाली आहे त्यात, म्हणजे दागिन्याचं सोनं." त्याने परात खाली आदळली. "मला मूर्ख समजला काय हा माणूस? इतका वेळ पोरासारखा मागे मागे फिरत होता! म्हणूनच खांबावर तो बंदुकीच्या दारूचा काळा डाग होता! कोणीतरी मीठ घातलंय, बाई. आता या खाणीतला माझा एकही नमुना मला धरता येणार नाही. एकही."

"पुन्हा घेता येतील की."

"खोटं एकदा सापडलं की पुढच्या कशावर विश्वास ठेवायचा? मी लिहिणार: नमुने ग्राह्य नाहीत. संपलं." रागाने त्याचे कान लाल झाले होते. चांगला माणूस होता. त्याला फसवल्याचं मला वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. बीन्समध्ये त्याला डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा वाढला.

गावात उतरलो तर डग्गनच्या बारमध्ये रॉस्कोने मेजवानी मांडलेली. भाजलेलं एल्क हरणाचं मांस, बिअर, सगळं गाव. त्याच्या शेजारी डेन्व्हरचा पाहुणा, स्वच्छ बुटांचा. टेबलाशी ऑर्विल गिब रुमाल कॉलरमध्ये खोचून हाडं चोखत बसला होता. मी कोपऱ्यात माझ्या जागेवर बसले आणि कॉफी मागवली. तेवढ्यात एकाचा पाय खुर्चीत अडकला आणि आरोळी उठली: "सांभाळ, आर्वो!" हसले सगळे. रॉस्को सगळ्यात मोठ्याने.

"हसून घे," मी पुटपुटले.

हॅल्व्हर्सन त्याच्याजवळ गेला आणि हळू म्हणाला, "मिस्टर थाइन, जरा बाहेर येता?"

"बाहेर कशाला? इथे सगळे आपलेच!" रॉस्कोने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "ऐका रे! सरकारचा माणूस डेल्फीनबद्दल बोलतोय. बोल बाबा, मोठ्याने बोल!"

"मोठ्याने नको."

"मोठ्यानेच!"

"ठीक आहे," हॅल्व्हर्सन म्हणाला. त्याचाही राग उतू जात होता. "तुमच्या खाणीत मीठ घातलंय."

डेन्व्हरच्या पाहुण्याने ग्लास खाली ठेवला.

"काय म्हणालास?"

"दागिन्याचं सोनं, कानशीने किसलेलं, बंदुकीने खांबावर मारलेलं. तुमच्या खाणीचा एकही नमुना मी धरणार नाही."

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग बांध फुटला. "रॉस्को, बायकोची अंगठी किसलीस की काय?" "म्हणून सोडून गेली होय ती!" "अरे, चांदीच्या खाणीत सोनं? माशाच्या आमटीत गूळ घातला याने!" डग्गन काउंटरवर डोकं टेकून हसत होता. पाहुणा उठून कोट शोधू लागला.

"खोटं आहे!" रॉस्को ओरडला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. "मी नाही घातलं! मला काय गरज?"

आता माझी पाळी होती. मी कप घेऊन उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "गरज असते रे एखाद्याला. माल पातळ असला की माणूस काय काय करतो."

"तू गप्प बस, इल्मी!"

"का गप्प बसू? आर्वो मला नेहमी सांगायचा. म्हणायचा, डेल्फीनमध्ये काही राम उरला नाही. खांब म्हणजे नुसता राखाडी दगड, काढून चुलीपुढे पायरी करावी."

आर्वो असलं काही कधीच बोलला नव्हता. पण मासा गळाला लागला.

"राखाडी दगड?" रॉस्कोच्या तोंडातून थुंकी उडाली. "तो फिन म्हणाला राखाडी दगड? अगं, ते खांब मी स्वतःच्या हाताने पाडलेत! चांदीने काळे पडले होते हात माझे! सहा गाड्या माल निघाला त्यातून, सहा, आणि भट्टीवाल्याने तराजू पुन्हा तपासला, त्याला खरं वाटेना! मीठ घालतो म्हणे मी! विचारा भट्टीवर, त्या जानेवारीत डेल्फीनच्या मालाला तोड नव्हती!"

"कुठल्या जानेवारीत?" मी विचारलं.

"त्याच! तो तुझा नवरा नाही म्हणाला, बायकी कुठला! मग रविवारी मीच—"

आणि तो थांबला.

डग्गनने डोकं वर केलं. ऑर्विल गिबने कॉलरमधला रुमाल काढून सावकाश टेबलावर ठेवला.

"रविवारी तू काय, रॉस्को?" ऑर्विलने विचारलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा मान न डोलावता काहीतरी विचारलं असेल.

"काही नाही."

"मला तू आजाच्या काळात म्हणाला होतास. शपथेवर. आणि सोमवारी सकाळी आर्वोला त्याच छताखाली पाठवलंस?"

"त्याच्या तोंडाला वास—"

"कॉफीचा," मी म्हटलं. "कॉफीचा वास येत होता. मी स्वतः थर्मास भरून दिला होता."

रॉस्को माझ्याकडे वळला. मी कप काउंटरवर ठेवला आणि हात तिथेच राहू दिला, बोटं पसरून. त्याची नजर माझ्या बोटावर गेली. अंगठीच्या जागी पांढरा वळ होता, सगळ्यांना दिसेल असा. त्याला कळायला वेळ लागला नाही. लबाडाला लबाडी लवकर कळते.

"हिने!" तो किंचाळला. "हिने घातलं मीठ! बघा, बघा तिचं बोट! अंगठी कुठे आहे तिची? विचारा तिला!"

"नमुने घेताना सगळ्यांच्या अंगठ्या मीच काढायला लावल्या होत्या," हॅल्व्हर्सन म्हणाला. मग त्याची नजर माझ्या गळ्याकडे गेली. वादी नव्हती तिथे. त्याने स्वतःसाठी बिअर ओतून घेतली.

"खरं सांगतोय मी! देवाशपथ, खरं सांगतोय!"

डग्गन म्हणाला, "विधवाबाई आपली लग्नाची अंगठी किसून तुझ्या खाणीत मारेल? रॉस्को, जरा तरी लाज धर."

आणि रॉस्को ओरडतच राहिला. एकेकाच्या बाह्या धरून सांगत राहिला, हिने केलं, हिने केलं. आणि एकेक जण हात सोडवून घेत राहिला. मी उभी राहून बघत होते. सात वर्षं मी ह्याच बारमध्ये, ह्याच लोकांच्या बाह्या धरून खरं सांगत होते. कसं वाटतं, रॉस्को? मला विचार ना, मी सांगते कसं वाटतं! माझ्या अंगातून असं गोड वारं गेलं की मी दुसऱ्या दिवशी मेले असते तरी तक्रार नव्हती. चर्चमध्ये म्हणतात, सूड देवावर सोपवा. सोपवला होता मी सात वर्षं. त्याला सवड झाली नाही.

ऑर्विल उठला. "डग्गन, फोन दे. शेरीफला बोलवायचंय. आणि इल्मी..." त्याने हात रुमालाला पुसले. "इल्मी, ती चौकशी मी पुन्हा उघडतो. उद्याच."

"उघड," मी म्हटलं. "आणि ह्या वेळी त्याच्या छातीकडे बघू नकोस, तोंडाकडे बघ."

रॉस्को दाराकडे धावला. शेरीफची वाट बघणार होता थोडाच. घाईत त्याचा पाय आपल्याच मेजवानीच्या बाकात अडकला आणि तो एल्कच्या थाळीसकट पालथा पडला. मागून कोणीतरी सवयीने तोंड उघडलं, "सांभाळ, आर्—"

अख्खा बार माझ्याकडे बघत होता. मी साखरेचा खडा दातांत धरला, कॉफीचा घोट घेतला. गार झाली होती, तरी प्यायले.

"नाव पुरं घे रे," मी म्हटलं. "त्याचं नाव रॉस्को आहे."